महालक्ष्म्यांना बफ

बाबा रेल्वेतून रिटायर झाले आणि आमच्या गुढियारीच्या घरातल्या सगळ्या धातूंचे दिवस फिरले. मोबाइलवर कुणीतरी गंजका नळ आरशासारखा करून दाखवला, आणि बाबांनी लगेच ड्रिल मशीनला लावायचं कापडी चाक, म्हणजे बफ, पॉलिशची वडी आणि घासायच्या पाण्याच्या पेपरची चळत आणली. आधी स्टीलचे डबे झाले. मग दाराच्या कड्या. मग शेजाऱ्यांच्या दाराच्या कड्या.

आई म्हणायची, "चांगलंच आहे. निदान माझ्या डोक्याशी तर नाही बसून राहिले."

अशात महालक्ष्म्या आल्या. आमच्याकडे दोघी बहिणी पितळेच्या. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, एकाच साच्यातून काढलेले मुखवटे. दरवर्षी आई त्यांना चिंच लावून धुते. त्या वर्षी ती फुलं आणायला बाजारात गेली आणि बाबांनी दोघींना उचलून गच्चीवर नेलं.

"धर, घट्ट धर," मला म्हणाले. "हालू नको देऊ."

मी ज्येष्ठेचे कान धरून बसले. बाबांनी आधी पेपर मारून ओरखडे काढले, मग बफ फिरवला. देवीच्या गालावरून काळं पाणी ओघळत होतं आणि बाबा शिट्टी वाजवत होते. तासाभरात दोघी अशा चमकल्या, की मला त्यांच्या कपाळात स्वतःचे दोन-चार पांढरे केस दिसले.

आई आली. पिशवी खाली ठेवली. दोघींच्या गालांवरून बोट फिरवलं.

"यातली मोठी कोणती?"

बाबांचा चेहरा पडला. मोठीच्या गालावर एक खोल ओरखडा होता. फार पूर्वी ती फळीवरून पडली होती, तेव्हाचा. तिची ओळख तेवढीच होती.

"तुलेच माहीत पाहिजे ना," बाबा म्हणाले. "इतक्या वर्षांची ओळख आहे तुमची."

आईने आत्याला फोन लावला. आत्या, म्हणजे बाबांची मोठी बहीण, शहरातल्याच पुरानी बस्तीत राहते. घरच्या देवाधर्मात तिचा शब्द शेवटचा. ती तडक ऑटो करून आली आणि दारातच थबकली.

"काहून रे, ब्युटी पार्लरात नेलं होतं काय देवीले?"

मग तिने दोघींना उलटंपालटं केलं, हातांत तोलून पाहिलं आणि डावी मोठी असल्याचं जाहीर केलं. "पाह्य ना, तोंडच कसं सोसलेलं आहे."

"नाही हो ताई, ही मोठी," आई उजवीवर अडली. "हिच्या चेहऱ्यावर हुकूम आहे."

"मोठीच्या तोंडावर हुकूम राहते काय? तुले कोणी सांगितलं?"

आता हे देवीचं भांडण राहिलं नव्हतं, हे मलाही कळलं. बाबा हळूच जिन्याकडे सरकले.

"बसा तिथंच!" दोघी एकदम ओरडल्या.

आत्याने मुखवटा मांडीवर घेतला. आई-वडील गेले तेव्हा तिने शाळा सोडून या भावाला वाढवलं होतं. ती त्याबद्दल कधी बोलत नसे. त्या दिवशी मात्र म्हणाली, "मोठेपणात काय मिळते ते मले विचार. सगळ्यायच्या नंतर जेवाले मिळते."

आई आत्याजवळ जाऊन बसली. "तर असं करू ताई. यंदा ही मोठी, पुढच्या वर्षी ती. एकटीच्याच गळ्यात कशाला?"

मला वाटलं, आता आत्या चिडणार. तिने मुखवटा खाली ठेवला आणि म्हणाली, "हव. चालते."

जेवणाच्या दिवशी आलेला प्रत्येक जण विचारत होता, महालक्ष्म्या नवीन घेतल्या काय. बाबा नुसते हसत होते. पहिली पंगत मांडली तेव्हा आईने आत्याच्या हातातलं भाजीचं पातेलं काढून घेतलं आणि तिला पाटावर बसवलं. आत्या अवघडून बसली खरी, पण पुरणपोळी आल्यावर सैलावली. बाबा तुपाचं भांडं घेऊन तिच्यासमोर वाकले. तिने वर पाहिलं.

"आधी हात दाखव, पॉलिशनं काळे तर नाहीत ना. अन् हात आखडू नको, आणखी वाढ."