धुळवडीचं उरलेलं मटण

आमचे शेजारी म्हणजे एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांना हटकून चव बघायला बोलवायचो. नवा फ्रिज आल्यापासून उरलेल्या मटणाचं नवंनवं काहीतरी करायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं होतं. घरच्यांनी केव्हाच हात जोडले होते. एका वर्षी मटणाचा ढोकळा केला. पुढच्या वर्षी होळीच्या उरलेल्या पुरणात सुकं मटण कालवून पोळ्या लाटल्या. शेजारी दारातच टोपी मागं सारून उभे राहायचे, एक घास बराच वेळ चघळायचे आणि म्हणायचे, "खायाला काय हरकत न्हाय की!" हे कौतुक मी वर्षभर सांगत फिरायचो.

मग एका वर्षी ते ऐन धुळवडीलाच दुपारी हजर झाले, सोबत दोन धिप्पाड मेव्हणे. "पावणं आल्यात, म्हटलं तुमच्याकडंच जेवू." तांबडा-पांढरा रस्सा, सुकं, तिघांनी सगळं पुसून खाल्लं. हात धुऊन शेजाऱ्यांनी स्वयंपाकघराकडं तोंड करून विचारलं, "वैनी, काय ऱ्हायलं न्हाय न्हवं?"

"थेंबसुद्धा नाही, भावजी."

"झ्याक! उद्याचा घोर मिटला."

बायको हसत विड्यांचं ताट घेऊन बाहेर आली. न सांगता आलेल्या पाहुण्यांसाठी तिनं सकाळीच विडे आणून ठेवले होते.