सोसायटीच्या विहिरीचं पाणी

मला एक खोड आहे, मेलेल्या माणसांशी वाद घालायची. धारूरच्या किल्ल्यावर शाळेची सहल नेली की पोरं डबे उघडतात आणि मी मनातल्या मनात एका पहारेकऱ्याला दगडावर बसवून त्याची उलटतपासणी घेते. का रे बाबा, तोफेला नारळ फोडला नाही तर ती रुसते, असं तुला खरंच वाटायचं? तो काहीबाही उत्तर देतो, मी त्याला खोडून काढते. आमचा शिपाई म्हणतो, मॅडम, एकट्याच काय हसताय.

जिवंत साक्षीदार घरातच आहे, हे ध्यानात यायला मात्र मला पन्नाशी गाठावी लागली.

एका सकाळी माय तूर पाखडत बसली होती. मी विचारलं, "माय, समज मागच्या काळात नेणारी एखादी गाडी मिळाली, तर तू कुठं उतरशील?" मला वाटलं, माहेर म्हणेल. ती म्हणाली, "सोसायटीच्या हिरीवर."

ही विहीर मोठ्या दुष्काळातली. गावच्या सहकारी सोसायटीनं चार शेतकऱ्यांना एकत्र करून ती खोदायला काढली होती. गडी खाली सुरुंग लावायचे, बाया वर आलेला मुरूम टोपल्यानं वाहायच्या. मी दोन वर्षांची होते. कामावर येणाऱ्या बाईला खायला सरकारी सुकडी मिळायची, तीच माझ्या पोटात जायची. मुकादमानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, विटाळाची बाई काठावर आली तर लागणारं पाणी पळून जातं.

"आन् ऐन टायमाला मला कावळा शिवला," माय म्हणाली. "घरी बसावं तर तुला काय चारू? गेले तशीच. कुणाला बोलले न्हाई."

मी खुर्ची सोडून तिच्यापुढं फतकल मारून बसले. "मग?"

"मंग काय, त्याच दुपारी पाणी लागलं. लई मोठा झरा. माणसं नाचाया लागली. आन् हिरीची ओटी भराया मुकादमानं मलाच म्होरं केलं."

मला आनंदाच्या नुसत्या उकळ्या फुटल्या. मी लगेच मनानं त्या काठावर उतरले, मुकादमाचं मनगट धरलं आणि त्याला सगळं सांगून टाकलं. तो पागोटं काढून डोकं खाजवतोय, गडी टकामका बघतायत, आणि मी भर गर्दीत मायला खांद्यावर उचलून घेतेय.

मग डोक्यात सणक गेली. याच बाईनं मला वयात आल्यापासून लग्नापर्यंत महिन्याचे चार दिवस गोठ्यात बसवलं होतं. परीक्षा असली तरी. एकदा हंड्याला हात लागला म्हणून बडवलंही होतं.

"काही होत नाही, हे तुला कळलं होतं," माझा आवाज चढला. "मग मला कशापायी बसवलंस?"

तिनं सूप खाली ठेवलं. "पाणी लागलं तवापासनंच जास्त भ्याले, बाई. वाटलं, देवानं एक डाव सोडलंय. दर उन्हाळ्यात हीर खाली गेली की वाटायचं, आता आटली तर ती माझ्यापायी. त्यात तुझी आनिक भर कशाला?"

राग होताच, तो काही गेला नाही. पण विहिरीचं पाणी पन्नास वर्षं एकटीनं उरावर घेतलेल्या त्या पोरसवदा बाईसाठी मला रडूही आलं.

माय माझ्याकडं बघत म्हणाली, "आन् आटली का हीर कधी? तू बसलीस म्हणूनच ऱ्हायली आसंल, कुणाला ठावं."