नाकाची सूट

कुठल्याही ऑफिसात जाऊन ‘हे मला जमत नाही, तसं लिहून द्या’ एवढंच मागून बघा. किस्से गोळा करायला वेगळं काही करावं लागत नाही! करोनाच्या दिवसांत मी तेवढंच मागत फिरले आणि माझ्याकडे इतके साठले, की मिलमध्ये चहा झाला की कोणीतरी म्हणतंच, ‘सांग ना वो, तो अंड्याचा.’ तेव्हा मात्र हसू येत नव्हतं, हे आधीच सांगून ठेवते.

मी मोहाडीजवळच्या एका राईस मिलमध्ये धान तपासते. आलेल्या पोत्यात परखी, म्हणजे टोकदार लोखंडी नळी, खुपसायची, दाणे तळहातावर घ्यायचे, ओल बघायची. मला ऑटिझम आहे. तिशी जवळ आल्यावर नागपूरच्या डॉक्टरांनी तसं सांगितलं, तेव्हा माझं मलाच पहिल्यांदा काहीतरी समजलं. अचानक कोणी हात लावला की मला भाजल्यासारखं होतं. म्हणूनच असेल, पण परखी घालायच्या आधी मी पोत्यावर दोनदा थाप मारते आणि त्याला सांगते, ‘येऊन राहिली.’

हमालांचे म्होरके कवडूकाका यावर रोज हसायचे. ‘नाई सांगतलं तं पोतं उठून पयते का वो?’

*

मग मिलमध्ये नोटीस लागली. दर आठवड्याला नाकातली टेस्ट आणि लस घेतल्याचं सर्टिफिकेट, नाहीतर गेटच्या आत यायचं नाही.

पहिल्याच टेस्टला नर्सबाईंनी माझं डोकं मागून धरलं. पुढचं मला नीट आठवत नाही. मी टेबलाखाली होते, ट्रे उलटा पडला होता आणि कोणीतरी म्हणत होतं, एवढी मोठी बाई, असं करते का! संध्याकाळपर्यंत माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही.

मालक वाईट माणूस नाहीत. म्हणाले, डॉक्टरांचं लिहून आण, नाहीतर माझाही इलाज नाही. पोत्यांशी बोलू देणारी दुसरी नोकरी मला कुठे मिळणार होती?

*

नागपूरच्या डॉक्टरांचा दवाखाना तेव्हा बंद होता, म्हणून जवळच्या डॉक्टरांकडे गेलो. ते माझ्याशी नाही, आईशी बोलले. ऑटिझम लहान मुलांना असतो, ही तर चांगली धडधाकट आहे, लग्न लावून द्या, सगळं ठीक होईल.

आई पदराशी चाळा करत बसली होती. म्हणाली, ‘लहान होती तवा कोणी सांगतलंच नाई, डॉक्टरसाहेब. मंग थे मोठी झाली. आता काय करू?’

डॉक्टरांनी थोडा विचार केला आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या लिहून दिल्या!

*

दुसऱ्या दवाखान्यात ओळखीने गेलो. हे डॉक्टर फारच दिलदार. पेन उघडून म्हणाले, ऑटिझम वगैरे कोणाला कळत नाही, सरळ ॲलर्जी लिहितो. अंड्याची चालेल?

मी म्हटलं, ‘सकाळीच दोन खाल्ली.’

पेन बंद झालं. आईने टेबलाखालून मला पाय मारला होता, तो कशासाठी हे मला बसस्टॉपवर कळलं. खोटं बोलायचं नव्हतं असं काही थोर नाही; त्यांनी विचारलं, मी सांगितलं. मोहाडीला उतरताना आई म्हणाली, ‘उद्यापासून तुले अंडी बंद.’

*

शेवटी भंडाऱ्यातला एक मोठा दवाखाना गाठला. गेटवरच वॉचमनने अडवलं. टेस्टचा रिपोर्ट दाखवा, मग आत जा. आईने त्याला समजावलं, की टेस्ट करता येत नाही असं लिहून घ्यायलाच आम्ही आलोय.

त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ‘बरोबर आहे काकू. तं थो रिपोर्ट दाखवा.’

आई रडायला लागली. भर रस्त्यात तिला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं आणि माझे हात आपोआप हलायला लागले. ड्यूटी संपवून निघालेल्या एक डॉक्टर मॅडम थांबल्या. गेटबाहेरच, कडुलिंबाखाली, चार पावलं लांब उभं राहून त्यांनी मला बोलायला वेळ दिला. नागपूरचे कागद वाचले. लशीला माझी ना नव्हती, फक्त आधी सांगून, शांत खोलीत, मी आडवी पडल्यावर द्यावी. नाकात मात्र काही नको. त्यांनी तसंच लिहिलं: नाकाच्या टेस्टमधून सूट, लस, मनाची तयारी झाल्यावर. आईने तो कागद पिशवीत ठेवला, पुन्हा काढून पाहिला, पुन्हा ठेवला.

*

वाटलं, सुटले! पण मिलमध्ये कागद दाखवला आणि हमालांत कुजबुज सुरू झाली. आमच्या नाकात काडी आणि हिला चिठ्ठी, हे काहून? सगळ्यात मोठा आवाज कवडूकाकांचा. मालक पेचात पडले. कागद खरा आहे, म्हणाले, पण माणसं बिथरली तर कोणीच टेस्ट देणार नाही. टेस्टच्या दिवशी बघू.

त्या दिवशी मी कागद हातात धरून वजनकाट्याशी उभी होते. रांगेत पहिले कवडूकाका. नर्सबाई घाईत होत्या. त्यांनी एका हाताने काकांची हनुवटी धरली आणि काडी घातली. काका असे मागे उडाले, की थेट पोत्यावर जाऊन बसले! डोळ्यांतून पाणी. सगळी रांग हसली. मला हसता आलं नाही.

नर्सबाई म्हणाल्या, नीट आलं नाही, परत घ्यावं लागेल.

काका नाक धरून बसले होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

‘थांबा बाई,’ ते म्हणाले. ‘आमची पोरगी पोत्यालेई सांगून घालते. मी तं मानूस आहो. दोन थापा मारा, येऊन राहिली म्हना, मंग घाला.’

नर्सबाईंनी त्यांच्या खांद्यावर दोनदा थाप मारली. ‘येऊन राहिली बरं, काका.’ काकांनी डोळे मिटले आणि या वेळी ते हलले नाहीत.

मालकांनी माझ्या हातातला कागद घेतला आणि फाईलला लावला.

रांगेतला पुढचा हमाल शर्ट सारखा करत पुढे आला. नर्सबाईंनी काडी उचलली, तसा तो खांदा पुढे करून हळूच म्हणाला, ‘मलेई.’