इंजिन चालू होतं

माझे वडील बडनेऱ्याला रेल्वेत होते. आम्ही धम्मदीक्षा घेतली तेव्हा घरातल्या फडताळातले देव गेले आणि त्या जागी सभांमधून आणलेल्या पत्रकांचे गठ्ठे आले. मी अक्षरओळख त्यांच्यावरच केली. म्हणून छापलेलं वाक्य खोटं निघालं की मला अजून जेवण कडू लागतं.

अकोल्याच्या एका साप्ताहिकात नुकताच लागलो होतो. एके दिवशी मालकांनी मला बार्शीटाकळीपलीकडच्या डोंगरातल्या एका गावी पाठवलं. बातमी आधीच ठरलेली होती : गावात पहिली मोटार पोचली. मी फक्त तपशील भरायचा होता.

त्या गावाला रस्ता मंजूर झालेला होता. ठेकेदाराने नाल्याच्या दोन्ही बाजूंना मुरूम टाकला होता, पण मधल्या नाल्यावरचा रपटा, म्हणजे दगडी फरशीचा ठेंगणा पूल, बांधलाच नव्हता. नाल्यात कमरेइतकी उंच काळ्या खडकाची पायरी होती. बैलगाडी तिच्यावरून जात नसे. रस्ता तपासायला आलेल्या साहेबांनी तोड काढली होती. साधी सरकारी जीप, चाकांना साखळ्या नाहीत, पुढे ओढदोराचं यंत्र नाही, जशी कारखान्यातून निघाली तशी, स्वतःच्या ताकदीने गावात पोचली तर रस्ता पुरा झाला असं धरायचं. मग रपट्याची गरज नाही. नाही पोचली तर ठेकेदाराने रपटा बांधायचा.

जीपमध्ये पुढे साहेब बसले, मागे ठेकेदार आणि मी. ठेकेदाराने टोपलीभर सीताफळं आणली होती. साहेब वाटभर ती खात होते आणि बिया बाहेर थुंकत होते. वारा माझ्याकडे होता.

नाल्यात उतरल्यावर ड्रायव्हरने पुढची चाकं जोडायचा दांडा ओढला. जीप गुरगुरत पायरीवर चढली आणि तिरपी होऊन अडकली. पुढचं एक चाक आणि मागचं दुसऱ्या बाजूचं एक, दोन्ही अधांतरी. पेडल दाबलं की तीच दोन गरगर फिरायची, टेकलेली दोन ढिम्म.

"जे चाक हवेत हाय त्यालेच जोर भेटून राहिला," ड्रायव्हर म्हणाला. "साहेब, उतरा. वजन कमी होईन."

"मी उतरलो तर जीपने मला गावात पोचवलं असं म्हणू कसं?" साहेब म्हणाले आणि त्यांनी आणखी एक सीताफळ फोडलं.

मला आनंद झाला होता. जीप अडकली, म्हणजे रपटा होणार.

तेवढ्यात गावातून माणसं धावत आली. कुणाच्या खांद्यावर जाड दोराचा सोल, कुणाच्या हातात लाकडी बल्ल्या. सर्वांत पुढे म्हातारे पाटील. त्यांनी डोक्याचा रुमाल सोडून कमरेला बांधला. मी खाली उडी मारली आणि त्यांना गाठलं.

"हात लावू नका, पाटील! ही गाडी इथेच राहू द्या. गाडी गावात गेली तर तुमचा रपटा गेला."

पाटलांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "समजलं बाबू. रपटा आमाले पायजे. माह्या सुनेचे दिवस भरले हायेत. पयलं लेकरू याच नाल्यात गेलं, बाजेवर नेता नेता."

"मग काहून उचलता?"

"पाहुणा शिवेवर आडकून बसला अन् गाव पायत राहिलं, असं कुठं झालं काय? तोंड कुठं दाखवाव आमी?"

"तो पाहुणा नाही. तो तुमचा रस्ता खायला आलाय."

"आला तं आला. आपल्या नाल्यात बसला ना?"

मागून एक जण ओरडला, "ओ पेपरवाले, भाषण गावात द्या, आता बल्ली धरा!" सगळे हसले. मी बल्ली धरली नाही. त्यांनी जीप उचलली, आत बसलेल्या साहेबासकट. माणसांच्या मानेच्या शिरा फुगल्या, एकाची बोटं खडकावर सोलवटली. ठेकेदार बाजूला उभा राहून "हुश्शार, हुश्शार!" करत होता. साहेबाने टोपली मांडीवर घट्ट धरली होती.

गावात चावडीसमोर साहेब उतरले, बोटं पुसली आणि म्हणाले, "ठीक. पोचली."

"माणसांनी उचलून आणली!" मी म्हणालो.

"अहो, इंजिन चालू होतं की. बंद पडलं का कुठे? मग ताकद गाडीचीच."

ठेकेदार हसला. मला किळस आली. ती फक्त त्या दोघांची नव्हती. चावडीत सतरंजी अंथरणाऱ्या, साहेबासाठी दूध तापवणाऱ्या, सोलवटलेल्या बोटाला हळद लावून पुन्हा हात जोडणाऱ्या त्या गावाचीही होती. अशा चांगुलपणावरच असली माणसं पोसली जातात, हे मी तेव्हाही म्हणालो, आजही म्हणतो.

दूध पिऊन होईपर्यंत पाटलांच्या घरातून निरोप आला. सुनेला कळा सुरू झाल्या होत्या. पाटील हात जोडून म्हणाले, "साहेब, गाडी खाली चाललीच हाय. पोरीले दवाखान्यापर्यंत घेऊन जा."

"सरकारी गाडीत बाळंतीण? भलतंच!" साहेब म्हणाले. "आणि आता रस्ता झालाय ना तुमचा? बैलगाडी जुंपा."

ड्रायव्हर खाली मान घालून स्टिअरिंगमागे बसला. त्याच माणसांनी जीप पुन्हा नाल्यातल्या पायरीवरून खाली उतरवून दिली. मी तिच्यात बसलो नाही.

मग बाज आली. बाजेला बल्ल्या बांधल्या, सुनेला निजवलं, चौघांनी उचललं. या वेळी मी खांदा दिला. मुरुमावरून भराभर आलो, नाल्याच्या पायरीशी थांबलो. जीपने खडकावर काळे ओरखडे काढले होते. माणसं एकेक पाय शोधत उतरायला लागली. बाज कलली आणि सुनेने दोन्ही हातांनी बाजेच्या कडा धरल्या.

"मामाजी," ती दातओठ खात म्हणाली, "चावडीवरचं म्या घरातून सारं आयकलं. गाडी नाल्यातच राहू द्याची होती."

"पाहुणा होता ना तो, बाई," पाटील म्हणाले.

"अन् मी कोन आहो मंग?"

पाटील बाजेच्या पायथ्याशी, पाण्यात उभे होते. तिने उत्तराची वाट पाहिली नाही. पुढची कळ आली होती. ती आमच्यावरच ओरडली, "चाला ना लवकर!"