तिसऱ्या मजल्यावरची रॅम

कॉम्प्युटरच्या रॅमची पट्टी खिडकीच्या उजेडात धरायची, एक डोळा मिटायचा आणि चिपवरची मुंगीएवढी अक्षरं वाचायची. मग वहिनी म्हणायच्या, "डब्यावर काय छापलंय ते सोडा, भाऊ. आत चिप कोणती हाय ते बघा."

आमच्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर त्या राहायच्या. आम्ही सगळे त्यांना वहिनीच म्हणायचो. माहेर कन्नड तालुक्यातलं, शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा. सासूबाई अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेल्या, नवरा कंपनीत शिफ्टवर. त्यात दुष्काळाची वर्षं. शहर चहूकडून वाढत होतं, नळाला मात्र आठ-दहा दिवसांनी पाणी. टँकर कधी येईल याचा नेम नाही. वहिनींना घर सोडताच येत नसे.

माझं क्रांती चौकाजवळ कॉम्प्युटरचं दुकान. ठरलेल्या वेगापेक्षा मशीन जास्त पळवायला बघणारी गिऱ्हाईकं तुम्हीही पाहिली असतील. त्यांना आधी रंगीत दिव्यांची रॅम हवी असते. ती किती ताण सोसेल हे मला कळत नसे, म्हणून मी पिशवी घेऊन वहिनींकडे जायचो. त्या वेग थोडाथोडा वाढवायच्या, दिवसभर चाचणी लावून ठेवायच्या, मधेच उठून सासूबाईंची कूस बदलायच्या. एक चूक दिसली की पट्टी बाजूला.

"मशीन चालू झालं म्हंजे रॅम टिकली असं नाय," म्हणायच्या. मे महिन्यात कूलरला घालायला पाणी नसे, खोली भट्टीसारखी. "लई बेस. हितं टिकली तर कुठंबी टिकंल."

एकदा लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा एक जण सगळ्यात महागडी जोडी मागत आला. वहिनींनी त्याच्यासाठी कमी वेग छापलेली साधी जोडी निवडली. ती महागड्या जोडीपेक्षा जास्त पळाली. त्यानं ही गोष्ट पुण्यातल्या एका ओळखीच्या कंपनीत सांगितली आणि तिथून माझ्या दुकानात फोन आला. "रॅमची अशी पारख असलेलं माणूस आम्हाला नोकरीला हवंय. कोण आहे?"

"त्यांना घर सोडता येत नाही," मी सांगून टाकलं. खोटं नव्हतं. पण त्या गेल्या तर माझ्या दुकानाचं काय, हेही मनात होतंच.

महिन्याभरानं मी हे त्यांना बोलता बोलता सांगितलं. पिंपातून कळशी भरता भरता त्या थांबल्या.

"मला इचारलं का नाय?"

"तुम्हाला जमलं नसतं, म्हणून..."

"व्हय, नसतंच जमलं. मी बी नायच म्हटलं असतं." त्यांनी कळशी ओट्यावर ठेवली. "पण ते मी म्हणायचं होतं, भाऊ."

आतून सासूबाईंनी हाक मारली. त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी मी पुण्याला फोन केला. जागा भरली होती. तेही मी वहिनींना सांगितलं. "बरं," एवढंच म्हणाल्या.

त्यानंतरही त्या रॅम तपासून देत, पण पिशवी दारातच घ्यायच्या. आत या, असं पुन्हा कधी म्हणाल्या नाहीत.

पुढच्या वर्षी सासूबाई गेल्या. लगेच नवऱ्याची बदली झाली. कुठं जायचं हे याही वेळी कुणी वहिनींना विचारलं असेल असं मला वाटत नाही. सामान निघालं त्या सकाळी मी खाली गेलो. वहिनी टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या. "येते, भाऊ," म्हणाल्या आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी काच वर केली.