उंबराखालचा जगरा

माझा भित्रेपणा माहेरापासूनचा. पाल दिसली की मी स्वयंपाकघर सोडून अंगणात जायची. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी कानांवर हात ठेवायची. लग्नानंतर वर्ध्याला दोन खोल्यांत संसार मांडला, तेव्हा गॅस पेटवतानाही मी काडी लांबून धरायची आणि नवरा हसायचा. "तुले घरातल्या गॅसचं भेव वाटते, वावरातल्या जगऱ्यापाशी कशी बसशीन?"

वावर आंजीजवळ होतं. सासरे आमच्या लग्नाआधीच गेलेले. सासूबाई एकट्या गावातल्या घरी राहायच्या आणि शेती पाहायच्या. नवरा वर्ध्याला एका कार्यालयात कारकून होता. थंडीच्या दिवसांत शनिवारी संध्याकाळी आम्ही स्कूटरवरून आंजीला जायचो आणि रविवारी वावरात रोडगे करायचो.

रोडग्यांइतका सोपा स्वयंपाक नाही. जाडसर दळलेल्या कणकेत मीठ, ओवा आणि सढळ हाताने तेल घालायचं, पीठ घट्ट भिजवायचं. हातावर थापून, तेल लावून, एकात एक पाऱ्या गुंडाळून लिंबाहून मोठा गोळा करायचा. गोवऱ्या रचून पेटवायच्या, ज्वाळा बसली की उरलेल्या निखाऱ्यांत, म्हणजे जगऱ्यात, गोळे पुरायचे. मग काही करायचं नाही. गप्पा मारायच्या, मधूनमधून काडीने रोडगे परतायचे. बाजूला तीन दगडांवर वांग्याची भाजी आणि वरण. रोडगा भाजला की फडक्यात घेऊन राख झटकायची, मुठीने फोडायचा, वर तूप. सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, पण रोडगा झाला की नाही ते त्या नुसत्या बोटाच्या टिचकीने सांगायच्या.

तो रविवार डिसेंबरातला होता. नव्वदीचं दशक संपत आलं होतं आणि माझी मुलगी तीन वर्षांची होती. नेहमी आम्ही गोठ्याजवळच्या उघड्या जागेत जगरा लावायचो. त्या दिवशी ऊन जरा जास्त वाटत होतं. मुलीला सर्दी होती. मीच म्हटलं, "आई, आज विहिरीजवळ उंबराखाली करू. पोरीला सावली होईल."

सासूबाईंनी वर पाहिल्यासारखं केलं. त्यांना फांद्या दिसत नव्हत्या, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. "कर तुले वाटते तिथं," त्या म्हणाल्या. नवऱ्याने गोवऱ्या उचलून उंबराखाली आणल्या. वर कोणीच नीट पाहिलं नाही.

जगरा पेटला. एका कडेला निखारे पडले, तसे सासूबाई रोडगे वळून त्यांत पुरू लागल्या. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की तुपाचा डबा घरीच राहिला. नवरा कुरकुरत स्कूटरवर बसला आणि गावात गेला. मुलगी जरा पलीकडे, वेचलेल्या कापसाच्या ढिगावर लोळत होती. ढिगाचा अर्धा भाग ताडपत्रीने झाकलेला होता. मी वांगी चिरत होते. उरलेल्या गोवऱ्या किंचित ओल्या होत्या, म्हणून धूर जास्त निघत होता, आणि मी आणखी एक चूक केली. ज्वाळा लवकर धरावी म्हणून कपाशीच्या दोन पऱ्हाट्या त्यावर टाकल्या, त्याही ओल्या निघाल्या. पांढरा दाट धूर सरळ उंबराच्या फांद्यांत चढला.

पहिल्यांदा मला वाटलं दूरवर कोणी मळणीयंत्र सुरू केलंय. मग आवाज जवळ आला. मी वर पाहिलं तर जाड फांदीच्या खालच्या अंगाला काळी झूल टांगल्यासारखं आग्या मोहोळ होतं, आणि ती झूल हलत होती. पुढच्या क्षणी तिचा खालचा भाग सुटला.

"आई, मोहोळ!" एवढंच मी ओरडले.

"पोट्टीले घे!" सासूबाई ओरडल्या.

मी धावले. किती पावलं होती ते आठवत नाही, पण मानेवर दोनदा कोणी तापलेली सुई खुपसल्यासारखं झालं, ते आठवतं. मुलीला पोटाशी धरून मी कापसात शिरले, ताडपत्री डोक्यावरून ओढली आणि तिच्या कडा गुडघ्यांखाली आणि कोपरांखाली दाबून धरल्या.

आत अंधार होता. कापसाचे तंतू नाकात जात होते. दोन-तीन माश्या आमच्याबरोबर आत आल्या होत्या, त्या कुठे आहेत ते फक्त ऐकू येत होतं. एक मुलीच्या कानाला चावली. ती किंचाळली. मी अंदाजाने हात मारत राहिले. वर ताडपत्रीवर कोणी मूठ मूठ तांदूळ फेकावेत तसा आवाज येत होता. तो थांबतच नव्हता.

मग सासूबाईंचा आवाज आला. आधी दुरून, नुसतं "अवं, अवं". मग जवळून.

"अवं, उघड वं. मले आत घे."

मी मुलीला आणखी जवळ ओढलं.

"मले दिसून नाई राह्यलं. उघड नं थोडंसं."

माझ्या उजव्या गुडघ्याजवळ ताडपत्री जरा उचलली गेली. उजेडाची एक चीर आत आली आणि चार बोटं आली. बोटांना कणीक चिकटलेली होती. मी ती बोटं पाहिली. त्यांच्यावर माश्या बसलेल्या पाहिल्या. गुडघा उचलला असता तर सासूबाई आत येऊ शकल्या असत्या, जागा होती. मी गुडघा आणखी जोरात दाबला. बोटं क्षणभर तशीच राहिली. मग निघून गेली.

त्यानंतर त्यांनी हाक मारली नाही.

मी मुलीच्या तोंडावर माझा पदर धरला होता. ती रडून रडून हुंदके देत होती आणि मी तिच्या कानात "चूप राहा, चूप राहा" म्हणत होते. वास येत होता. आधी भाजलेल्या कणकेचा, खमंग. मग करपल्याचा. रोडगे जगऱ्यात जळत होते. त्या वासावरून मी वेळ मोजत होते. एवढे करपले म्हणजे अर्धा तास झाला असेल, आता कोळसा झाले म्हणजे तास. बाहेर माणसाचा एकही आवाज नाही, हे मला माश्यांपेक्षा जास्त घाबरवत होतं.

मधे एकदा स्कूटरचा आवाज आला. नवरा ओरडला, "कुठं हा तुमी?" मी आतून ओरडले, "येऊ नका! मोहोळ उठलंय!" स्कूटर पडल्याचा आवाज झाला, मग धावणारी पावलं, लांब लांब जाणारी. तो माणसं आणायला गेला होता. मला तेव्हा वाटलं, तो आम्हाला टाकून गेला.

पुन्हा थांबणं. मुलगी घामाने निथळत झोपली. झोपली की बेशुद्ध झाली, हे मला कळत नव्हतं. मी दर थोड्या वेळाने तिच्या नाकाजवळ बोट नेत होते.

शेवटी माणसांचे आवाज आले. शेजारच्या वावरातले काका आणि गावातले चार-पाच जण घोंगड्या पांघरून, हातात धुमसत्या ओल्या गवताच्या पेंढ्या घेऊन आले होते. कोणीतरी ताडपत्री उचलली तेव्हा मी ती सोडेना. काकांना माझी बोटं सोडवावी लागली.

"आई कुठं हाय?" नवऱ्याने विचारलं. त्याचा एक डोळा सुजून बंद झाला होता.

मी हाताने विहिरीकडे दाखवलं. खरं तर त्या कुठे गेल्या ते मला माहीत नव्हतं. नवरा विहिरीच्या काठावर जाऊन वाकला, आणि त्या वेळी मला वाटलं की आता तो मागे वळून माझ्याकडे पाहील.

त्या विहिरीत नव्हत्या. पलीकडे गव्हाला पाणी सोडलेलं होतं. पिकाला पाणी नेणाऱ्या दांडात त्या पालथ्या पडल्या होत्या, ओला पदर डोक्यावरून घेतलेला, तोंड तेवढं चिखलाच्या वर. काकांनी उताणं केलं तर चेहरा ओळखू येत नव्हता. पण ओठ हलत होते.

कापूस घेऊन जाणारा मेटॅडोर रस्त्यावर थांबवला आणि त्यातून त्यांना सावंगीच्या दवाखान्यात नेलं. वाटेत मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. त्यांचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. मी देवाला काय मागत होते ते मला लिहायला जड जातं. त्या वाचाव्यात असं मागत होते, हे खरं. पण त्याच्या मागोमाग असंही वाटून जायचं की त्या शुद्धीवर आल्या की सांगतील.

डॉक्टर म्हणाले, पाण्यात जाऊन पडल्या म्हणून वाचल्या. तिसऱ्या दिवशी सूज जरा उतरली आणि त्या बोलू लागल्या. आंजीहून नात्यातल्या बायका भेटायला आल्या होत्या. एकीने खाटेजवळ बसून विचारलंच, "तुही सून कुठं होती वं? तिले काई झालं नाई म्हणते."

मी खिडकीजवळ संत्री सोलत होते. माझे हात थांबले.

सासूबाई जाड झालेल्या ओठांनी म्हणाल्या, "ताडपत्रीत होती पोट्टीले घेऊन. मीच सांगतलं तिले, काई झालं तरी उघडू नको म्हणून."

"असं सांगतलं तुमी?" नवरा म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मंग काय त," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड केलं.

मी संत्र्याच्या फोडी ताटलीत ठेवल्या.

त्या वर्षीच त्या आमच्याकडे वर्ध्याला राहायला आल्या. शेती काकांना बटाईने दिली. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, दिसायला लागलं. त्यांना दिसायला लागलं याची मला आणखी भीती वाटू लागली. स्वयंपाकघरात त्या लसूण सोलत बसायच्या आणि मी ओट्याशी उभी असायची. माझ्या पाठीकडे त्या पाहताहेत असं सारखं वाटायचं. रविवारी मी मुद्दाम वेगळं काही करायची. रव्याचा केक, ढोकळा, मुलीसाठी नानकटाई. जाड बुडाच्या पातेल्यात मीठ पसरून त्यावर डबा ठेवून मी केक भाजायची आणि झाकण उघडताना दर वेळी तोंड फिरवायची. रोडग्यांचं नाव घरात कोणी काढत नसे. मुलीला काही आठवत नव्हतं. तिच्या कानाच्या पाळीवर एक बारीक गाठ राहिली, ती आंघोळ घालताना हाताला लागायची.

असं पाच-सहा वर्षं चाललं. मग नवऱ्याने एका रविवारी बाजारातून गॅसवर ठेवायचा बाटीचा ओव्हन आणला. ॲल्युमिनियमचा, आत जाळी असलेला. "आता घरातच करा रोडगे," तो म्हणाला आणि मुलीला घेऊन वांगी आणायला गेला.

घरात आम्ही दोघीच. सासूबाईंनी परात ओढली आणि कणीक भिजवायला घेतली. मी खिडक्या लावल्या.

"काऊन लावून राह्यली?" त्यांनी विचारलं.

"असंच."

त्या पाऱ्या थापू लागल्या. त्यांच्या बोटांना कणीक चिकटली होती. मला ते पाहवेना. मी ओट्याला धरून म्हटलं, "आई, तुम्ही त्या दिवशी मला हाक मारली होती."

हात थांबले नाहीत. "हाव."

"मी ऐकली होती."

"मले मालूम हाय. आतून दाबून धरलं होतं तू."

पाच-सहा वर्षं ज्या वाक्याला भीत होते ते असं साध्या आवाजात आलं होतं, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं. मी विचारलं, "मग दवाखान्यात तुम्ही तसं का सांगितलं?"

"लोकाईले काय सांगाचं घरातलं?" त्यांनी गोळा वळून ताटात ठेवला. "मले राग नाई आला असं समजू नको. लय राग आला होता. तिथं खाटेवर पडल्या पडल्या मनात तुले काय काय बोलली मी, तुले सांगत नाई. पोट्टी बरी हाय म्हटलं तवा थोडा उतरला. सगळा उतराले दिवस लागले."

"आता?"

त्यांनी आणखी एक पारी थापली. मग म्हणाल्या, "आता तू रोज चहा देते, दवाईच्या गोया देते. रोज राग कुठं ठेवाचा माणसानं?"

मी रडायला लागले. त्यांनी मला जवळ घेतलं नाही, तसा त्यांचा स्वभावच नव्हता. "गॅस बारीक कर," म्हणाल्या. "वरून काळे होतीन आन् आतून कच्चे राहतीन."

त्या दिवशी रोडगे बरे झाले. जगऱ्याची चव नव्हती, नवरा तसं म्हणालाही. मी दोन खाल्ले.

पुढे चारेक वर्षांनी सासूबाई गेल्या, झोपेतच. त्यांनी ती गोष्ट कोणालाही सांगितली नाही, आणि मीही नाही. तेराव्याला आलेल्या बायका बोलत होत्या, कशी सासू, सुनेला आणि नातीला वाचवायला स्वतः मधमाश्यांत उभी राहिली. नवरा मान हलवत होता. मी पंगतीत वाढत होते, वरणाची बादली माझ्या हातात जड झाली होती.

आता हे सगळं एका वहीत लिहिलं आहे, म्हणजे कधीतरी नवरा वाचेल. वही मी अजून त्याला दिसेल अशी टेबलावर ठेवलेली नाही. माझ्या उशीखाली आहे.