वहिनींचं महाडातलं शेत

वहिनी गेल्याची बातमी मला कुणी आणून दिली नाही. ती मलाच सगळ्यांना द्यावी लागली. महाडच्या दवाखान्यात सकाळी डॉक्टरांनी मान हलवली आणि मी बाहेरच्या बाकड्यावर येऊन बसले. हातात वहिनींचाच फोन होता. दत्ताचं नाव शोधलं आणि लावला. तोवर मी आपणहून कधी कुणाला फोन लावला नव्हता, तशी वेळच आली नव्हती. बोलायला वहिनी होत्या. तिकडून दत्ता म्हणाला, "बोल आय." माझ्या तोंडून शब्द फुटेना… मग तोच हळू आवाजात म्हणाला, "काकी हायस ना तू?… आय गेली?" मी नुसतं हूं म्हटलं. दत्ता हा वहिनींचा एकुलता मुलगा, मुंबईला गाडी चालवतो. आई असती तर फोनवर गप्प बसली नसती, हे त्याला त्या एवढ्याशा वेळात कळलं.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. नाव इंदिरा, माहेर कापडे गावचं. मी लग्न होऊन पोलादपूरकडच्या आमच्या वाडीत आले तेव्हा चौथी शिकलेली होते, पण चारचौघांत उभं राहायचं म्हटलं की अंग आखडून यायचं. पाहुणे आले की मी दाराआड. एकदा पाण्यावर कुणीतरी त्यांना विचारलं, "धाकटी मुकी आणलीत का गो?" वहिनींनी हंडा डोक्यावर घेता घेता उत्तर दिलं, "मुकी नाय गो. साठवून ठेवतेय. बाहेर काडील तवा तुजंच पयलं काडील." बायका हसल्या आणि माझ्यावरची नजर हटली. पुढे सगळी वर्षं असंच चाललं. रेशनवर, तलाठ्याकडे, दवाखान्यात त्या बोलायच्या आणि मी पिशवी धरून मागे उभी असायची. मला मूल झालं नाही, त्याबद्दल विचारणाऱ्यांनाही त्याच परस्पर वाटेला लावायच्या. आधी भावोजी गेले, मग आमचे हे गेले. घरात आम्ही दोघीच उरलो.

रस्ता मोठा करायला निघाले तेव्हा हायवेला लागून असलेलं आमचं भाताचं शेत त्यात गेलं. घरात तेवढंच एक सपाट आणि पाण्याचं, बाकी सगळा वरकस डोंगर, नाचणी-वरीपुरता. मोबदला आला. वाडीत ज्यांना ज्यांना आला त्यांनी कुणी जीप घेतली, कुणी मुलीचं लग्न थाटात केलं, कुणी घरावर स्लॅब टाकला. दत्ता म्हणाला, पनवेलकडे खोली घेऊ, तुम्ही दोघी तिथंच या राहायला. वहिनी त्याला म्हणाल्या, "तुज्या खोलीत मी आय म्हणून येईन. ही काय म्हणून येईल? भांडी घासायला?" मी चुलीपाशी होते. मी वर बघितलं नाही, पण ते वाक्य मला अजून ऐकू येतं. त्यांचं म्हणणं एकच होतं, शेत गेलंय तर शेतच घ्यायचं. आपल्या दोघींना मरेपर्यंत आपल्या घरात, आपल्या चुलीवर खाता आलं पाहिजे.

पण तसं शेत कुठं मिळेना. हायवेकडचं कुणी विकेना आणि डोंगरावरचं आम्हाला कसवेना. मग एकदा भाचीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही महाडला गेलो. बाजारपेठेत एक नवीन कपड्यांचं दुकान झालं होतं, सगळ्या गावांत एकाच नावाची, एकाच रंगाच्या पाटीची दुकानं असतात ना, तसलं. वहिनी आत न जाता दारातच उभ्या राहून छताकडे बघत होत्या. मी म्हटलं, चला ना. त्या म्हणाल्या, "ही कंपनी पुण्या-मुंबईची. पण ही भिंत कुणाची गो? ती कुणातरी महाडकराचीच असणार. त्याला बसल्या जागी दर म्हयन्याला पीक येतं." त्या दिवशी साड्या घ्यायच्या राहिल्या आणि आम्ही एजंटाचं घर शोधत फिरलो.

गाळा घेतला तो भर पेठेत. दस्तावर पहिलं नाव माझं लावायला सांगितलं त्यांनी. मी नको नको म्हणत होते. त्या म्हणाल्या, "माज्यामागं दत्ता हाय. तुज्यामागं कोण हाय? हीच भिंत." आमच्या चुलतसासऱ्यांना हे काही पटलं नव्हतं. त्यांच्या वयाच्या माणसांना कूळ कायदा पाठ, दुसऱ्याला कसायला दिलं की जमीन गेली. ते ओटीवर बसून दोन्ही सुनांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "घाला कूळ, घाला. नातवंडं काय, तुमालाच दुसऱ्याची पाटी बगायला लागंल." आणि सावित्री नदीला पूर आला की पेठेत पाणी शिरतं, त्याचं काय? त्यावर वहिनींचं उत्तर ठरलेलं होतं, "ज्यात पाणी शिरत नाय असं शेत मला दाखवा."

तिथं एक कपड्यांची कंपनी आली. काच लावली, दिवे लावले, गार हवा सोडली. आमच्या गाळ्यात आम्हालाच ओळख पटेना. पहिल्यांदा गेलो तेव्हा दोघींनी चपला दाराबाहेर काढल्या आणि आतल्या पोरी तोंडावर हात ठेवून हसल्या. मी शरमेनं अर्धी झाले. वहिनी मात्र प्रत्येक बाजाराच्या दिवशी मिनीडोअर रिक्षाने महाड गाठायच्या. आत जाऊन भिंतीला हात लावायच्या, ओल आलीय का बघायच्या, कोपऱ्यात वाकून वाळवी शोधायच्या. दारावरचा नवीन रखवालदार म्हणाला, "आजी, लेडीज सेक्शन तिकडं हाय." वहिनी म्हणाल्या, "काय घ्यायचं नाय रे बाबा. शेत बगायला आलेय." त्यानं माझ्याकडे बघितलं, बाई बरी आहे ना, अशा नजरेनं. पण मालकाचा पाय लागला नाही तर शेत माजतं, हे आमच्या घरात लहानपणापासून ऐकलेलं. त्या तेच करत होत्या.

मग एका पावसाळ्यात महाडात पाणी भरलं. हायवे बंद, फोन बंद. पाणी उतरल्यावर जेव्हा पोचता आलं तेव्हा पेठेत पायच ठेववत नव्हता. काच फुटलेली, कपडे चिखलात लडबडून भिंतींना चिकटलेले आणि तो वास… वहिनींनी पदर खोचला. वाडीतल्या चार बायका घमेली-फावडी घेऊन आमच्याबरोबर आल्या होत्या. करारात आतली सफाई भाडेकरूनं करायची असं लिहिलेलं होतं, दत्तानं फोनवर ते दोनदा सांगितलंही. वहिनी म्हणाल्या, "कूळ बुडालेलं असताना मालक बांदावर बसतो का?" आणि चिखल उपसता उपसताच त्यांनी दुकानाच्या मॅनेजरला सांगून टाकलं, दुकान उघडेपर्यंत भाडं देऊ नका म्हणून.

हे त्यांनी आपल्या मनानं काढलं नव्हतं. आमच्या सासऱ्यांचं नदीपलीकडे एक शेत खंडाने दिलेलं असायचं, म्हणजे कसणारा पिकाचा ठरलेला वाटा घरी आणून घालायचा. भात कुजलं त्या साली सासरे स्वतः जाऊन शेत बघून यायचे, ओटीवर बसून 'औंदा खंड नको' असं सांगायचे, आणि वर बियाणं द्यायचे. कुळानं मागायचं नाही, मालकानं ओळखायचं. वहिनींनी हे नवी नवरी असताना बघितलं होतं.

दत्ता संतापला. "आय, कंपनी म्हंजे काय कूळ हाय? तिकडं एसीत बसलेत ते. त्यांना फरक पन नाय पडत. फुकट चॅरिटी केलीस." वहिनींनी फोन माझ्या हातात दिला. "बोल तुज्या काकीशी." त्यांना ठाऊक होतं, मी काहीच बोलणार नाही आणि तो आपोआप गप्प होईल.

पण दत्ताचंच बरोबर निघालं. दुकान पुन्हा चालू झाल्यावर पुण्याहून त्यांचा एक साहेब आला. शर्ट खोचलेला, बोलणं गोड. आम्हाला दुकानातच मागच्या बाजूला, कपड्यांच्या खोक्यांजवळ बसवलं, पाण्याची बाटली दिली. म्हणाला, "आजी, बाजार मंदावलाय. तुम्ही स्वतःच भाडं सोडलंत, म्हणजे तुम्हालाही कल्पना आहे. आता पुढेही भाडं कमी करावं लागेल, नाहीतर कंपनी इथं राहणार नाही." वहिनींनी पाण्याची बाटली खाली ठेवली. मग म्हणाल्या, "बाबा, ते तुमी मागितलं नव्हतं, आमी दिलं. आता तुमी मागताय. मागितलेलं नाय देत आमी."

साहेब हसला. "मग आम्हाला जागा सोडावी लागेल."

हा गाळा रिकामा पडला तर घर कशावर चालणार, दत्ता विकायला लावणार, वहिनी मुंबईला जाणार आणि मी… तेवढ्यात वहिनी माझ्याकडे वळल्या. "पयलं नाव हिचं हाय. हिला विचारा."

आतापर्यंत माझ्या वाटचं सगळं त्याच बोलत आल्या होत्या. त्या दिवशी का थांबल्या कोण जाणे. साहेब माझ्याकडे बघत होता, खोक्यांमागून पोरी बघत होत्या. मला समोरची भिंत दिसत होती, तिच्यात लोखंडी पट्ट्या ठोकलेल्या. मी म्हटलं, "जाताना खिळे काढून न्या. आणि भोकं बुजवून द्या."

परतीच्या मिनीडोअरमध्ये वहिनी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "भोकं बुजवून द्या! अगो, तो म्हणत आसंल, थोरली बरी होती." मला मात्र हसू येत नव्हतं.

आणि कंपनी खरंच गेली. भोकं अर्धीच बुजवली. गाळा रिकामा राहिला, तो पुढचा पावसाळा येऊन गेला तरी. त्या काळात आम्ही म्हैस विकली, डोंगरावर नाचणी-वरी केली, पेजेवर दिवस काढले. चुलतसासरे येता-जाता म्हणायचे, "आलं का पीक म्हाडचं?" दत्ता गाळा विकत घेणारं गिऱ्हाईक आणायचा, वहिनी चहा पाजून परत पाठवायच्या. बाजाराच्या दिवशी मात्र आम्ही जायचोच. शटर वर करायचं, झाडून घ्यायचं, उदबत्ती लावायची आणि आत फरशीवर बसून भाकरी खायची. बाहेर पेठ माणसांनी वाहत असायची. एकदा तिथंच बसल्या बसल्या मी विचारलं, "वहिनी, चुकलं का आपलं?" त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. म्हणाल्या, "सोडलं त्यात नाय चुकलं. पण खंड सोडायला समोर माणूस लागतो गो. मी त्या पाटीला माणूस समजले…" आणि मग लगेच, "चटणी दे. पड ठेवलेलं शेत जोर धरतं."

पुढच्या दिवाळीआधी बूट-चपलांची कंपनी आली, तीही तसलीच, गावोगाव एकाच पाटीची. वहिनींनी जुन्याच भाड्याला गाळा दिला. या वेळी त्या साहेबांना चहा पाजला, पण भिंतीला हात लावायला जायच्या तेव्हा पूर्वीसारखं 'कूळ' म्हणायच्या नाहीत. 'भाडेकरू' म्हणायच्या.

वहिनींचं दिवसकार्य आटोपल्यावर दत्ता माझ्याजवळ येऊन बसला. तो वाईट नाही. डोळे रडून सुजले होते त्याचे. म्हणाला, "काकी, बूटवाल्यांचा करार संपत आलाय. आय होती तोवर ठीक होतं. आता ते साहेब, कागद, पूर… तुला एकटीला नाय जमणार. विकून टाकू. तुजा वाटा तुज्या नावानं बँकेत ठेवतो. आनी तू ये आमच्याकडं. भांडी घासायला नाय, शप्पत." आईचं ते बोलणं त्याच्याही मनात राहून गेलं होतं, हे मला तेव्हा कळलं. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, "येईन रे, गणपतीनंतर चार दिवस येईन. पण विकायचं नाय." त्यानं डोळे पुसले. मग म्हणाला, "बरं. मग सही करायला येऊ का संगती?" मी म्हटलं, "नको. गाडी सुटेल तुजी."

परवा मी एकटी महाडला गेले. मॅनेजर तरुण आहे, त्याचा साहेब फोनवर होता. भाडं तेवढंच राहू दे म्हणत होते ते. मी म्हटलं, मागच्या वेळेसारखी दर वर्षाची वाढ लिहा, आणि पाणी शिरलं तर बंद असेल तेवढ्या दिवसांचं अर्धंच भाडं द्यायचं, हेही आताच लिहा, नंतर बोलणं नको. एका दमात सांगून टाकलं. त्यांनी फोनवर आपसात बोलून घेतलं आणि हो म्हणाले. दस्ताच्या वेळी मी माझं पूर्ण नाव लिहिलं. शेजारची वहिनींची जागा आता दत्ताच्या सहीसाठी आहे, तो पुढच्या रविवारी येऊन करील.

संध्याकाळी घरी आले. कुठूनही आलं की वहिनींची एक सवय होती. पाय धुवायच्या, आणि मी चूल पेटवत असताना दिवसभरात काय काय झालं ते सगळं पहिल्यापासून सांगायच्या. मी बरोबर असले तरीसुद्धा. तलाठ्याचा आवाज काढायच्या, एजंटाची मान हलवून दाखवायच्या, मध्येच माझं ऐकून न ऐकल्यासारखं झालं की लाकूड हिसकावून घ्यायच्या. मी पेजेचं पातेलं ठेवलं आणि माजघराकडे तोंड करून बसले. तिथं त्यांची वळकटी अजून तशीच आहे. मग माझं मलाच ऐकू आलं, मी बोलत होते. मॅनेजर कसा पेन शोधत होता, साहेब फोनवर कसा 'मॅडम, मॅडम' म्हणत होता, ते सगळं, त्याचा आवाज काढून. पेज उतू गेली तरी थांबले नाही. साहेब वाढ द्यायला नाही म्हणाला तिथवर आले आणि एवढं सांगून जरा थांबले, कारण त्या नेहमी तिथं थांबून माझ्याकडे बघायच्या, मी विचारावं म्हणून. घर शांत होतं. म्हणून मीच विचारलं, "मग? तू काय म्हणालीस?" आणि पुढचं सांगितलं.